माती पांघरून झोपणाऱ्या वेली

नोव्हेंबर महिना. निफाडचा शेतकरी छाटणीनंतर आलेली कोवळी फूट डोळ्यांत तेल घालून जपत असतो. आणि त्याच दिवसांत कॅनडातले काही बागायतदार काय करतात, ठाऊक आहे? आपल्या वेली मातीत पुरतात! चांगल्या जिवंत, धडधाकट वेली!

हे घडतं टोरांटोच्या पूर्वेला सुमारे 200 किलोमीटरवर, प्रिन्स एडवर्ड काउंटीत. ओंटारियो सरोवरात शिरलेलं हे द्वीपकल्प. 1889 साली मरे कालवा पुरा झाला, मुख्य भूमीशी जोडणारी चिंचोळी पट्टी कापली गेली आणि द्वीपकल्पाचं बेट झालं. आता चहूकडे पाणीच पाणी. आणि इथं द्राक्षं पिकतात ती याच पाण्याच्या जोरावर.

कशी? चुलीवरून उतरवलेला रिकामा तवा लगेच निवतो, पण पाण्याने भरलेला हंडा किती वेळ ऊब धरतो! पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. मग 244 मीटर खोल सरोवर किती वेळ घेत असेल? ऐंशी मजली इमारत बुडेल एवढी ही खोली!

एप्रिल-मे उजाडतो, पण सरोवर अजून गारच. त्यावरून येणारा वाराही गार, म्हणून वेलींचे डोळे उशिरा फुटतात. नुकसान झालं? उलट, जीव वाचला! वसंतातल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्री फुटलेला डोळा करपून जातो, मिटलेला मात्र तग धरतो.

शरदात हाच खेळ उलटा. हवा गारठते, पण सरोवराने उन्हाळाभर साठवलेली ऊब अजून शिल्लक असते. ती हळूहळू बाहेर येते, दहिवर गोठण्याचे दिवस लांबणीवर पडतात आणि पिनो न्वार, शार्डनेसारख्या द्राक्षांना पिकायला आणखी थोडे दिवस मिळतात.

मग हिवाळ्यात एवढं सरोवर गोठत कसं नाही? पाणी सर्वांत जड असतं 4 अंश सेल्सिअसला. वरचा थर गार झाला की बुडतो, खालचं उबदार पाणी वर येतं. एवढा खोल साठा असा घुसळत असताना पृष्ठभाग गोठणार कधी? बहुतेक हिवाळ्यांत सरोवराचा मोठा भाग मोकळाच राहतो.

तरीही पाण्याची सत्ता इथं थोडी कमी पडते. कडाक्याचा वारा उत्तरेकडून, जमिनीवरून येतो. पारा उणे 20 च्या खाली गेला, की नाजूक जातींचे डोळे मरू लागतात. म्हणून काड्या जमिनीलगतच्या तारेला बांधायच्या आणि वर मातीची भर द्यायची. त्यावर बर्फ साचतो आणि तोही दुलईचं काम करतो! वसंतात माती बाजूला सारली, की वेली पुन्हा उजेडात.

आणि त्या मातीखाली काय आहे? चुनखडीचा खडक. सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या जीवांच्या शिंपल्यांचा थर साचत साचत हा दगड झाला. त्याच्या भेगांतून जादा पाणी निचरून जातं आणि त्याच भेगांत वेलींची मुळं शिरतात. म्हणजे वेलीच्या भोवती आजचं पाणी आणि पायाखाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याची ठेव!

पुढच्या हिवाळ्यात पहाटे एखाद्या तलावात हात बुडवून पाहा. हवा बोचरी असेल, पाणी मात्र कोमट लागेल. काउंटीतली द्राक्षं याच उबेवर पिकतात.