दुसरे घर घेताना

गुंतवणुकीचा विषय निघाला की कामगार चळवळीतील माणसाचे तेथे काय काम, असे काहींच्या मनात येते. गुंतवणूकदार म्हणजे पेढीवर लोडाला टेकून बसलेला शेठ, ही समजूत आता जुनी झाली. आज कारखान्यातला, एस.टी.तला, पालिकेतला माणूस निवृत्त होतो, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात प्रथमच त्याच्या हाती एकरकमी पैसा येतो. तो खात्यावर पडतो न पडतो तोच कोणी मेहुणा, कोणी दलाल ‘एक फ्लॅट घेऊन टाका, भाडे घरबसल्या येईल’ असे सांगत दारी उभा राहतो. तीस-पस्तीस वर्षांचे श्रम मग एका सहीवर अवलंबून राहतात. त्या सहीपूर्वी विचारावयाचे प्रश्न तीन. वस्तू कोणाची, पैसा कोणाचा आणि सरकारचा वाटा किती? पहिल्या प्रश्नावर आम्ही अधिक वेळ घेणार आहोत. पुढच्या दोहोंत चुकलेला माणूस नुकसान सोसून का होईना, पण सावरतो. पहिल्यात चुकलेला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहतो.

जमीन घ्यावयाची तर लोक सातबारा मागतात आणि त्यावर विक्रेत्याचे नाव दिसले की निर्धास्त होतात. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच त्याचे बळ. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांवरून. म्हणून सातबाऱ्यावर नावापेक्षा दोन जागा आधी वाचाव्यात. एक ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाची मनाई तेथे दडून बसलेली असते. दुसरी जागा भूधारणेची. तेथे ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल, तर ती जमीन सरकारच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही, हे समजावे. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. ‘पुढे बिनशेती होईल’ हे दलालाचे आश्वासन कागद नव्हे.

त्यानंतर फेरफार नोंदी मागे मागे, निदान तीस वर्षांपर्यंत, वाचीत जावे. काम कंटाळवाणे आहे, पण खरा इतिहास तेथेच आहे. आमच्या संघटनेतील एका फिटरने शहराबाहेर दोन गुंठे घेतले. चार भावांच्या सह्या होत्या, साक्षीदार होते, पेढेही वाटले गेले. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात मात्र दोन बहिणींची नावे होती, आणि त्यांच्या सह्या कोणी घेतल्याच नव्हत्या. बहिणींनी दावा लावला. त्यांचे काही चुकले, असे आम्हांस वाटत नाही. महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ साली वाटा दिला, २००५ साली तो देशभर झाला, आणि पूर्वीची रीतसर वाटपे सोडता हा हक्क जन्मतःच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. बहिणींचा हक्क खराच होता. तो पाहण्याचे काम घेणाऱ्याचे होते आणि पाहावयास लागला असता एक दिवस. दोन गुंठ्यांच्या तुकड्याला तुकडेबंदीचा कायदाही आडवा येऊ शकतो, ही गोष्ट निराळीच.

फ्लॅटच्या बाबतीत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘इंडेक्स टू’, हा आपला दिवा. कोणी कोणास, कोणत्या तारखेस, किती किमतीस दिले, हे त्यात कळते आणि आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहताही येते. साठेखत आणि खरेदीखत यांतला भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. एकट्या त्याने मालकी येत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीनेही ती येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. इमारत उभी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली काय, हे विचारावे. १९६३ च्या कायद्याने जमीन सोसायटीस देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. ते न पाळणारे इतके निघाले की पुढे मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. इमारत व्हावयाची असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्कही त्यात आहे.

‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छच असणार’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. आपला वकील आपण नेमावा, त्याच्याकडून लेखी शोध अहवाल घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि तोपर्यंत विसार देऊ नये. द्यावाच लागला तर ‘कागद निर्वेध न निघाल्यास परत’ असे पावतीवर लिहून घ्यावे आणि चेकने द्यावा.

रोखीच्या बाबतीत आमचे मत कडक आहे. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे कायद्यास मान्य नाही आणि घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. त्याहून व्यवहारी गोष्ट अशी की रोख दिलेला पैसा व्यवहार मोडल्यावर कोणत्या तोंडाने परत मागणार? पुढे घर विकताना तो खरेदीच्या किमतीत धरताही येत नाही, म्हणजे विक्रेत्याने आज वाचविलेला कर उद्या आपण भरावयाचा. सरकारी मूल्यांकनापेक्षा दस्तात किंमत दहा टक्क्यांहून अधिक कमी दाखविली, तर तो फरक घेणाऱ्याचेच उत्पन्न धरून त्यावर कर लावला जातो.

आता पैसा. पुण्याच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला पन्नास लाखांचा फ्लॅट घ्या. मुद्रांकशुल्क व अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख. एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सूट. नोंदणी फी तीस हजार. वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे अडीच लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर नाही. एकूण झाले ५६ लाख ३० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने या टप्प्यात कर्ज किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच, आणि मुद्रांकशुल्क त्या किमतीत धरीत नाहीत. तेव्हा ४० लाख बँकेचे आणि १६ लाख ३० हजार आपले. ही रक्कम पतपेढीतून चढ्या व्याजाने उचलणारे आम्ही पाहतो. त्यांस आमचे सांगणे एकच, तसे करू नका. ४० लाख नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३६ हजार आणि एकूण व्याज ४६ लाखांवर जाते. पहिल्या हप्त्यात ३० हजार तर व्याजच. पन्नाशी उलटलेल्यास दहाच वर्षे मिळाली, तर हप्ता ५० हजारांवर गेला. व्याज बदलते असते हेही विसरू नये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली आणि कर्जदाराला ते उशिरा कळले. हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी देणे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने बँकांवर बंधनकारक झाले. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करताना मात्र दंड नाही. हाती पैसा येईल तेव्हा मुद्दल फेडीत जावे.

आणि भाडे? समजा, पंधरा हजार येते आणि वर्षातून एक महिना जागा रिकामी राहते. १ लाख ६५ हजारांतून सोसायटीचे तीस हजार, पालिकेचे दहा हजार वजा करा. उरले सव्वा लाख. ५६ लाखांवर हे शेकडा सव्वादोन रुपये होतात. आज बँकेच्या फलकावर ठेवीचा दर काय आहे, तो वाचून यावे. दर वाढेल म्हणून घेणारा माणूस भाड्यावर नव्हे, वाढीवर पैसे लावतो. त्याने तसे उघड्या डोळ्यांनी लावावे. कर्ज नसेल, राहते घर सुटलेले असेल, आणि म्हातारपणाच्या औषधपाण्याचा पैसा बाजूला ठेवला असेल, तर आमची हरकत नाही.

कराचे थोडक्यात सांगतो. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर तीस टक्के सरसकट सूट मिळते. भाड्याच्या घरावरील कर्जाचे व्याजही वजा होते. पण नव्या करपद्धतीत व्याज भाड्याहून अधिक झाले, तर तो तोटा पगार वा पेन्शनमधून वजा करता येत नाही. जुन्या पद्धतीत ती सोय दोन लाखांपर्यंत आहे. ‘कर्ज काढा, कर वाचेल’ असे सांगणाऱ्यास तुम्ही कोणती पद्धत धरून बोलता, हे आधी विचारा. किंमत पन्नास लाख वा अधिक असेल, तर विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारात भरण्याचे काम घेणाऱ्याचे आहे. विक्रेता परदेशवासी असेल तर कपात पुष्कळ मोठी असते आणि नियमही निराळे. तेथे सल्लागारावाचून पाऊल टाकू नये.

विकताना घर चोवीस महिन्यांहून अधिक काळ हाती असेल, तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईची वजावट गेली. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरास मात्र येथील रहिवाशाला जुन्या रीतीने, महागाई वजा करून वीस टक्के भरण्याची मुभा ठेवली. २०१०-११ साली वीस लाखांना घेतलेले घर २०२५-२६ साली साठ लाखांना विकले असे धरा. नव्या रीतीने चाळीस लाखांवर कर पाच लाख. जुन्या रीतीने खरेदीची किंमत ४५ लाखांच्या घरात जाते आणि कर तीन लाखांच्या आसपास येतो. उपकर दोन्हीकडे निराळा. म्हणून हिशेब दोन्ही रीतींनी मांडून घ्यावा, आणि जुनी खरेदीखते, नोंदणीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले एका पिशवीत जपून ठेवावीत. नफ्यातून दुसरे राहण्याचे घर दोन वर्षांत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्या नफ्यावर कर माफ होऊ शकतो. तोवर खर्च न झालेली रक्कम बँकेतील खास भांडवली नफा खात्यात विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भरावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही.