समाजाचं टोकन काढायचंय? आधी मापाडी कोण आणि तोलाई किती, ते ठरवा

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माल विकणारा एक, घेणारा दुसरा आणि वजन करणारा मापाडी तिसरा. मापाड्याला तोलाई मिळते. ही तोलाई कोण देतो आणि वजनात लबाडी केली तर मापाड्याचं काय होतं, यावर काट्याचा भरवसा अवलंबून असतो.

क्रिप्टो टोकनचंही तसंच आहे. तिथे बँक नसते. व्यवहार खरा की खोटा हे नेटवर्कमधले काही संगणक तपासतात आणि सामाईक नोंदवहीत लिहितात. त्यांना व्हॅलिडेटर म्हणतात. आपण मापाडी म्हणू.

ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली, आपली मुलं आयटीत शिरली. शिष्यवृत्ती निधी किंवा छोट्या उद्योजकांची आपसातली खरेदी-विक्री यासाठी स्वतःचं टोकन असावं, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. इथेरियमसारख्या तयार चेनवर टोकन काढणं फारसं अवघड राहिलेलं नाही. पण मग मापाडीही त्यांचे आणि तोलाईही त्यांची. स्वतःची चेन हवी असेल तर दोन्ही आपल्याला ठरवावं लागतं, आणि सत्ता कोणाच्या हाती जाणार हे तिथेच ठरतं.

शुल्क किती?

शुल्क शून्य ठेवलं तर कुणीही हजारो खोटे व्यवहार पाठवून यंत्रणा तुंबवू शकतो. शिवाय 'मोफत'चा खर्च कुणीतरी भरतोच. यूपीआय आपल्याला फुकट वाटतं, पण छोट्या दुकानदारांच्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांचं प्रोत्साहन मंजूर केलं. आपल्यामागे अशी तिजोरी नाही.

समजा १,००० सभासद महिन्याला प्रत्येकी १० व्यवहार करतात. व्यवहारामागे ५० पैसे घेतले तर महिन्याला ५,००० रुपये जमतील. सात मापाडी ठेवले आणि प्रत्येकाचा सर्व्हर, इंटरनेटचा खर्च १,००० रुपये धरला, तर लागतात ७,०००. तूट २,००० रुपयांची.

सरसकट ५० पैसेही न्याय्य नाहीत. २० रुपयांच्या भाजीवर ते अडीच टक्के होतात, २० हजारांच्या व्यवहारावर काहीच नाही. म्हणून शुल्क टक्क्यात घ्यावं, त्याला कमाल मर्यादा असावी. तूट उरलीच तर ती उघड वर्गणीतून भरावी.

नवी टोकनं छापून भागवू नका

तूट भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे मापाड्यांना नवी टोकनं देणं. पण माल तेवढाच आणि टोकनं जास्त झाली की प्रत्येकाच्या खिशातल्या टोकनची किंमत घटते. हा न सांगता लावलेला करच.

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये हाच मुद्दा मांडला होता. चलन किती काढायचं हे ते चालवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला ठरलेली मर्यादा हवी, अशी त्यांची भूमिका होती. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, त्यामुळे चलन घसरलं की मार कष्टकऱ्याला बसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. बिटकॉइनची २ कोटी १० लाखांची मर्यादा पुढे जवळपास नऊ दशकांनी आली.

मापाडी कोण?

इथेरियमवर मापाडी व्हायला किमान ३२ इथर तारण ठेवावे लागतात. दोन परस्परविरोधी नोंदींवर सही केली तर त्या तारणातून कपात होते. दंडाची ही कल्पना घेण्यासारखी आहे. पण 'ज्याचं तारण मोठं, त्याचा शब्द मोठा' हा नियम समाजात आणला तर दोन-तीन पैसेवाल्यांच्या हाती सगळं जाईल. आपल्याला सहकाराचा नियम बरा: एक सभासद, एक मत. मात्र एकच माणूस दहा वॉलेट उघडू शकतो, म्हणून सभासदांची यादी माणसांनीच तपासायला हवी.

गेनबिटकॉइन विसरू नका

पुणे, नांदेडसह अनेक ठिकाणी लोक या योजनेत अडकले. बिटकॉइन गुंतवा, १८ महिने दरमहा १० टक्के मिळतील, असं आमिष होतं. हा परतावा 'मायनिंग'मधून, म्हणजे मापाड्याच्या कमाईतून येतो असं सांगितलं जाई. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं टोकन हाती पडलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडती घेतली. वरचं गणित पाहा: तोलाईतून मापाड्याचा खर्चही पुरता निघत नाही. कुणी त्यातून दरमहा १० टक्के देतो म्हणाला, तर तो पैसा मागून येणाऱ्या सभासदाचा आहे.

बैठकीत हे पाच प्रश्न विचारा

१. एकूण टोकनं किती, आणि ती मर्यादा कोण बदलू शकतो?
२. शुल्क किती, कमाल किती?
३. मापाडी किती, कोण निवडतं, मुदत किती?
४. लबाडी केल्यास दंड काय?
५. हिशेब दरमहा सगळ्यांसमोर येणार का?

कायदाही पाहावा लागेल. क्रिप्टो भारतात वैध चलन नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेपुढच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएस आहे, आणि मार्च २०२३ पासून यातले व्यावसायिक मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत.

पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर टोकनमध्ये एक रुपयाही घालू नका. तेवढ्याच कामासाठी नोंदणीकृत पतसंस्था किंवा बचत गट पुरेसा आहे. तिथे निदान हिशेब मागायचा हक्क कायद्याने किंवा गटाच्या नियमाने मिळतो.