अनुमोदक नसलेला ठराव

शेजारच्या मंगल कार्यालयातील ध्वनिवर्धक रात्री दहानंतरही चालू असतात, तरी पोलिसांकडे सामुदायिक अर्ज करावा, असा ठराव मी यंदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडला. त्याला कोणी कडाडून विरोध केला असता, तर मला इतके लागले नसते, परंतु एके काळी अशा अर्जांवर सर्वांच्या आधी सही ठोकणाऱ्या गृहस्थांनीच, "अहो, आता कशाला अर्जबिर्ज? हेडफोन मिळतात की चांगले," असे हसत सांगितले आणि अनुमोदकाअभावी ठराव बारगळला.

तेव्हापासून 2000 हे साल माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना मनाई केली, इस्पितळे, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचा 100 मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरविला. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बोस कंपनीने गोंगाट मारणारा हेडफोन 'क्वाएट कम्फर्ट' या नावाने सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणला. नियमांनी आवाज करणाऱ्याला आवरावयाचे होते, हेडफोनने ऐकणाऱ्याचे कान झाकावयाचे होते. या शर्यतीत पुढे कोण गेले, हे निराळे सांगावयास नको.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा बराच काळ कागदावरच्या आकृत्यांतच गेला. पॉल ल्यूग या जर्मन गृहस्थाने 1933 साली आवाजाने आवाज मारण्याच्या कल्पनेचे पेटंट मागितले आणि 1936 साली ते त्याला अमेरिकेत मिळाले. पण ती कल्पना वापरात आणण्याजोगी साधने तेव्हा नव्हतीच. पुढे 1978 साली, एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव आणि एमआयटीतील प्राध्यापक अमर बोस हे झुरिकहून बोस्टनला विमानाने परतत असता, प्रवाशांना दिलेल्या हेडफोनमधील संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलेले पाहून वैतागले, आणि विमान उतरण्यापूर्वीच त्यांनी उपायाचे गणित मांडण्यास प्रारंभ केला. 1986 साली, वाटेत कोठेही न थांबता व इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'व्हॉयेजर' विमानाच्या दोघा वैमानिकांना याच हेडफोनचे प्राथमिक नमुने उपयोगी पडले. 1989 पासून ते वैमानिकांना विकत मिळू लागले. ज्यांची श्रवणशक्ती इंजिनाशेजारी बसून नोकरीपायी झिजते, त्यांना या शोधाने जे दिले त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

त्यातील युक्तीही मोठी देखणी आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. हेडफोनवरील सूक्ष्म मायक्रोफोन ते टिपतो, आतील मंडल त्याच्या नेमकी उलटी लहर रचते, आणि चढाच्या जागी उतार व उताराच्या जागी चढ येऊन, जमेची व खर्चाची बाजू जुळलेल्या खातेवहीप्रमाणे, शिल्लक शून्याजवळ येते. मात्र हा हिशेब संथ, एकसुरी, खर्जातल्या आवाजालाच मानवतो. सेकंदाला 100 कंपनांच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर, तर 3000 कंपनांची जेमतेम अकरा सेंटिमीटर. तेव्हा उलट्या लहरीला निमिषमात्र उशीर झाला, तर पहिलीत काही बिघडत नाही, दुसरीत सगळेच चुकते. म्हणून विमानाची घरघर विरते आणि तान्ह्या मुलाचे रडणे किंवा रिक्षाचा हॉर्न यांना अडविण्याचे काम कानावरच्या गादीकडे राहते.

2000 ते 2010 हे दशक मात्र मी पुण्याच्या पेठेत राहून कानांनी भोगले. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंती गल्लीच्या तोंडाशी येत, तेव्हा तावदाने थरथरत, फडताळातले पितळी डबे एकमेकांवर किणकिणत आणि उंबऱ्यावर ठेवलेल्या पायाला ठोका लागे. आम्ही अर्ज करीत असू. चौकीवरील हवालदार अदबीने खुर्ची देत आणि आवाज मोजण्याचे यंत्र सध्या दुसरीकडे गेले असल्याची कैफियत ऐकवीत. ते यंत्र परत आल्याचे मी कधी पाहिले नाही. 2002 साली नियमांतच दुरुस्ती होऊन, सणासमारंभांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटाविरुद्ध विस्तृत निकाल दिला, तेव्हा त्याच्या झेरॉक्स प्रती आम्ही पेढ्यांसारख्या घरोघर वाटल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंधरा दिवसांच्या सवलतीवरही त्याच न्यायालयाने मान्यतेची मोहोर उमटवली, आणि आमच्यापैकी निम्मे लोक थंडावले.

हाती फारसे लागले नाही, हे खरे. तथापि त्या अर्जांखाली ब्राह्मणवाड्यातल्या आजींची थरथरती सही, शिंपीकाकांचे मोडीवळणाचे नाव आणि रात्रपाळीहून आलेल्या परिचारिकेचे तीव्र शेरे एकत्र नांदत. गोंगाट हे सामाईक दुखणे होते आणि तक्रारही सामाईक होती. मला चुटपुट लागते ती त्या सह्यांची.

पुढची वर्षे कंटाळवाणी आहेत. 2016 साली सोनीने या बाजारात आपले दमदार प्रतिमान आणले, 2019 साली ॲपलच्या एअरपॉड्स प्रोने तीच करामत कानाच्या छिद्रात बसविली, मग टाळेबंदीत घरे कचेऱ्या झाली आणि जो तो आपापल्या शांततेचा खाजगी मालक बनला. ज्याला ऐकूच येत नाही तो फिर्याद कशाची करणार? शिवाय गंमत अशी की, डीजेच्या भिंतीपुढे हे महागडे यंत्रही हतबल ठरते. कारण तो ठोका कानाच्या वाटेने येतो तसा छातीतून आणि कवटीच्या हाडांतूनही शिरतो, आणि हाडांना हेडफोन घालता येत नाही.

चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला तर कान उघडे ठेवणे हे कर्तव्यच आहे. त्याच्यापुरता 2000 सालचा नियम हाच काय तो आधार उरतो, आणि त्याची अंमलबजावणी करावयाची ती त्याच्याच खात्याने.