मोजून घ्यावयाचे श्रम

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाने निपचित पडून राहावे, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वैद्यकाचा ठाम समज होता. रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणात ठेवले जाई, आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, स्नायू झिजणे व मन खचणे ही दुखणी मूळ आजारात भर घालीत. १९५२ साली अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. पुढे १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली, तेव्हा विश्रांतीचीही मात्रा ठरवावी लागते हे स्पष्ट झाले. देखरेखीखालील व्यायाम, आहार, औषधे, तंबाखूमुक्ती आणि मानसिक आधार यांची सांगड घालणारे आजचे हृदय-पुनर्वसन याच जाणिवेवर उभे आहे.

या कामाचा खरा कस सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत दिसतो. सुमारे तीस मीटर लांबीच्या सपाट मार्गिकेच्या दोन्ही टोकांना शंकू ठेवलेले असतात आणि रुग्ण त्यांना वळसे घालत आपल्या गतीने जमेल तितके अंतर चालतो. दम लागल्यास भिंतीला टेकून थांबण्याची त्याला मुभा असते, मात्र घड्याळ थांबत नाही. फिजिओथेरपिस्ट त्याच्या बरोबरीने चालत नाही, कारण तसे केल्यास रुग्ण नकळत दुसऱ्याचा वेग धरतो आणि मोजमाप त्याचे स्वतःचे राहत नाही. शेवटी कापलेले अंतर, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद होते, आणि तिच्या आधारे पुढील व्यायामाचा पल्ला ठरतो.

नाडीवर मात्र सर्वस्वी विसंबता येत नाही. अनेक रुग्णांना बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आवरून धरणारी औषधे, सुरू असतात आणि त्यामुळे शरीर थकले तरी नाडीचा आकडा खालीच राहतो. म्हणून स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी श्रममापनाची पट्टी वापरतात. रुग्णाने आपल्याला जाणवणाऱ्या श्रमांना स्वतःच अंक द्यायचा असतो आणि बहुधा ११ ते १४ हा टप्पा योग्य मानला जातो. बायपास झालेल्यांच्या बाबतीत छातीचे कापून तारेने जोडलेले हाड सांधेपर्यंत वजन उचलणे वर्ज्य असते, आणि खोकताना छातीशी उशी घट्ट धरण्यास शिकवले जाते. ट्रेडमिलही एकाएकी थांबवत नाहीत. वेग हळूहळू उतरवला नाही तर पायांत रक्त साचून रक्तदाब कोसळतो आणि घेरी येते.

भारतात अशी केंद्रे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. कमी खर्चाचा पर्याय म्हणून योगासने, प्राणायाम आणि समुपदेशन यांवर बेतलेला योग-केअर हा कार्यक्रम २४ रुग्णालयांतील सुमारे चार हजार रुग्णांवर पडताळण्यात आला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि ते नेहमीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले, मात्र मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात ठोस फरक सिद्ध झाला नाही. तरीही कामाकडे परतणे हे फळ कमी मोलाचे मानता येणार नाही.

कारण घरी पोचल्यावर रुग्णाला बऱ्याचदा भीतीच जखडून ठेवते. ‘जिना चढू नका’, ‘पाण्याची बादली उचलू नका’ अशी मायेपोटी घातलेली बंधने हाड सांधून गेल्यावरही महिनोन्‌महिने सुटत नाहीत, आणि म्हणूनच पत्नीला, पतीला किंवा मुलांना सत्र पाहण्यास बोलावणे अत्यावश्यक ठरते. उकिडवे कधी बसावे, दुचाकी केव्हा चालवावी हे प्रश्न तेव्हा मोकळेपणाने विचारले जातात. शरीरसंबंधांविषयीचा प्रश्न सहसा ओठांवर येत नाही, त्यामुळे तो विषय तज्ज्ञानेच काढायला हवा: छातीत न दुखता आणि फारसा दम न लागता दोन मजले चढता येत असतील, तर सामान्यतः त्यास हरकत नसते.