दुसऱ्याचा हात, आपलं रक्त

परवा सुभाष रोडवर बांगड्या भरून घेताना मैत्रिणीने विचारलं, "दुसऱ्याचा हात बसवता येतो म्हणे, खरं का गं?"

खरं आहे. २०१४ साली घाटकोपर स्टेशनवर मोनिका मोरेने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला मेंदुमृत दात्याचे हात बसवले.

हाडं, रक्तवाहिन्या, मज्जातंतू जोडणं अवघडच. पण खरी परीक्षा पुढे असते. शरीराची प्रतिकारशक्ती परक्या अवयवावर तुटून पडते, आणि त्वचा तिला फार खुपते. म्हणून औषधं जन्मभर. १९९८ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात क्लिंट हॅलम यांना हात बसवला होता. त्यांनी औषधं सोडली; २००१ मध्ये तो हात काढावा लागला.

काहींना धोका आणखी मोठा. पूर्वी रक्त चढवलं असेल, गर्भारपण किंवा प्रत्यारोपण झालं असेल, तर परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आधीच असू शकतात. दैव बघा, अपघातात जीव वाचवणारं रक्तच पुढे हाताच्या आड येऊ शकतं! म्हणून दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवाशी आधी ताडून बघतात. प्रतिक्रिया दिसली, तर बहुधा दुसऱ्या दात्याची वाट बघायची.

या औषधांनी जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांचा धोका वाढतो. हृदयाशिवाय माणूस जगत नाही, हाताशिवाय जगतो. मग एवढी जोखीम कशाला?

"आपल्या हाताने जोंधळ्याची भाकरी मोडून खायला," मैत्रीण म्हणाली.

मी गप्प झाले. जोखीम डॉक्टरांनी नीट सांगावी. त्या घासाचं मोल मात्र ज्याचं त्यानेच ठरवावं.