माहूर की माहुर? इन्फॉर्मेटिक्स म्हणजे नेमकं काय

मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, गडावर जाणाऱ्या गाड्या आमच्या खिडकीखालूनच जातात.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकला. एका दाखल्यावर ‘माहूर’, दुसऱ्यावर ‘माहुर’. आपल्याला गाव एकच. पण युनिकोडमध्ये ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही दोन वेगळी चिन्हं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. मशीनच्या लेखी दोन गावं झाली! दोन महिने खेटे घातले बिचारीनं.

आता हे सोडवायचं कोणी? प्रोग्रामर म्हणेल, दोन्ही उकार सारखे धरा. पण मग ‘सुत’ आणि ‘सूत’, म्हणजे मुलगा आणि दोरा, एकच होतात. इथे भाषा जाणणारा लागतो. जुन्या ग्रंथांत हेच ठिकाण ‘मातापूर’ म्हणून येतं, तिथे इतिहासवाला लागतो. आणि फॉर्म मशीननंच परत पाठवायचा की आधी माणसानं बघायचा, हा तर कोडिंगचा प्रश्नच नाही. हे सगळं एकत्र बसून शिकायचं, ते इन्फॉर्मेटिक्स.

शब्द फ्रान्सचा. 1962 मध्ये फिलिप ड्रेफस यांनी ‘माहिती’ आणि ‘स्वयंचलित’ यांचे फ्रेंच शब्द जोडून तो केला. एडिनबरा विद्यापीठानं 1998 मध्ये संगणकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आकलनशास्त्र एका छताखाली आणलं, त्यालाही हेच नाव दिलं. आपल्या पुणे विद्यापीठात तर 1987 पासून बायोइन्फॉर्मेटिक्सचं केंद्र आहे.

तिथेही उकारासारखाच पेच, बरं का. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ. त्यात एखादं अक्षर बदललं तर बऱ्याचदा काहीच होत नाही. पण हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठरावीक जागी ‘ए’चा ‘टी’ झाला, आणि तो आई-बाप दोघांकडूनही आला, की सिकलसेल. कुठला फरक सोडायचा आणि कुठला धरायचा, हे नुसत्या कोडिंगवाल्याला कळत नाही.

एका श्रोत्यानं विचारलंय, ‘बारावीला बायोलॉजी होती, कॉम्प्युटरकडे जाता येईल का?’ येईल, पण आधी प्रवेशाच्या अटी वाचा. काही कोर्सना गणित लागतंच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात संगणकशास्त्राचं संकुल आहे, तिथला सिलॅबस डाउनलोड करून बघा. आणि संख्याशास्त्रापासून सुटका नाही, आधीच सांगतो.

मामेबहिणीचं काम शेवटी प्रतिज्ञापत्रावर निघालं. त्यातही टायपिस्टनं ‘माहुर’च टाइप केलं होतं. तिनं तिथेच बसून दुरुस्त करून घेतलं.