रात्रपाळीचा कान

रात्रीचे दोन वाजून गेले होते. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या जनरल वॉर्डात आत्या सलाईनवर होती आणि तिच्या कॉटशेजारी फरशीवर चादर अंथरून मी आडवा झालो होतो. पलीकडच्या कॉटवर पंचाहत्तरीचे एक आजोबा. सगळी हयात मागावर गेलेली, त्यामुळे कान जवळजवळ गेलेले. ते ओरडत नव्हते, पण चादरीचं टोक मुठीत धरून पिळत होते. त्यांचा मुलगा भिंतीला टेकून गाढ झोपला होता.

सिस्टर फेरीवर आली, थबकली. आजोबांच्या डाव्या कानाशी वाकून तिने विचारलं, "ताता, नोप्पि एक्कड?" दुखतंय कुठं? त्यांनी ओटीपोटावर हात ठेवला. तिने पिशवीकडे बघितलं. लघवीची पिशवी रिकामी होती. चादर उचलली, तर नळी मांडीखाली दुमडलेली. तिने नळी सरळ केली आणि पिशवी भरायला लागली. पाच मिनिटांत आजोबांची मूठ सैल झाली.

ही सिस्टर अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. तेलुगू तिला पेठेनं शिकवलं, कामापुरते वीस-पंचवीस शब्द.

सरकारी मराठीत नर्सिंग होमला ‘शुश्रूषागृह’ म्हणतात. पाटीवर हा शब्द कुणी लिहीत नाही, बोलण्यात तर नाहीच. पण शब्द नेमका आहे. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, ‘पा’पासून पिपासा, तशी ‘श्रु’पासून शुश्रूषा. जाणण्याची इच्छा, पिण्याची इच्छा, तशी ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला नंतर चिकटला. नर्सिंग होम चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मी त्या रात्रीनंतर या शब्दाच्या हवाली केला.

भवानी पेठ म्हणजे सोलापूरकर ज्याला नुसतं ‘पूर्व भाग’ म्हणतात, त्या बाजूची वस्ती. घोंगडे वस्तीसारख्या गल्ल्यांतून माग, विडी आणि शिलाई यांवर घरं चालत आली. तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा. जोडीला कन्नड, दखनी उर्दू आणि सोलापुरी मराठी. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. तिथं तीस-चाळीस वर्षं काढलेला माणूस म्हातारपणी दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला ऐकू येत नाही, आणि त्याचं म्हणणं ऐकायला समोरच्याला त्याची भाषा यावी लागते. दुखणं इथं ‘नोप्पि’ असतं, ‘नोवु’ असतं, ‘दरद’ असतं. केस पेपरवर मात्र ते इंग्रजीत उतरतं.

अशा वस्तीतलं नर्सिंग होम हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. खाली ओपीडी आणि मेडिकलचं दुकान, मधल्या मजल्यावर दहा-पंधरा कॉट आणि एक ऑपरेशन थिएटर, वर डॉक्टरांचं घर. डॉक्टर सर्जन असतील, तर त्यांची पत्नी बहुधा स्त्रीरोगतज्ज्ञ. सिव्हिल आणि मोठी सहकारी रुग्णालयं शहरात आहेतच. पण रात्री पोट दुखायला लागलं की माणूस आधी गल्लीच्या तोंडाशी जातो. अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की थकलेल्या वृद्धांना कायमचं ठेवायची जागा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे ते छोटं हॉस्पिटल. तरी १९४९च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या बरोबरीने दुर्बलताही आहे, आणि प्रसूतिगृहही त्यातच येतं. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. इथं अजून हाच जुना कायदा चालतो. नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो.

दवाखान्याचा दर्जा मोजायची जगभर मानलेली रीत अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरची. बैरूतमध्ये जन्मलेला हा आर्मेनियन माणूस पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवायचा. १९६६ साली त्याने तीन कसोट्या मांडल्या. जागा, माणसं, यंत्रं कशी आहेत ही पहिली. प्रत्यक्ष काम कसं होतं ही दुसरी. शेवटी रुग्णाचं काय झालं ही तिसरी.

पहिली कसोटी सगळ्यात सोपी आणि म्हणून सगळ्यात फसवी. नव्या टाइल्स, एसी, स्वागतकक्षातला मत्स्यालयाचा काचेचा डबा, हे लगेच दिसतं. त्यापेक्षा भिंतीवरची कागदपत्रं वाचावीत. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात आहे का आणि त्याची मुदत संपलेली तर नाही ना, हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही. २०२१ साली राज्याने या कायद्याचे नियम सुधारले. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावायची असते, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. मग जिना बघावा. लिफ्ट नसेल तर ऑपरेशन झालेला माणूस खाली कसा आणतात? लिफ्ट असेल तर वीज गेल्यावर?

दुसरी कसोटी बघायला थोडा वेळ बसावं लागतं. सिस्टर एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुते का, निदान सॅनिटायझर चोळते का? हातमोजे तेच ठेवून चार कॉट फिरत असेल, तर मोजे तिचा बचाव करतायत, पेशंटचा नाही. कचऱ्याचे डबे बघा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल डब्यात, काच निळ्यात आणि सुया पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात जायला हव्यात. पिवळ्या डब्यात सुई दिसली, तर तिथं कुणी कुणाला शिकवत नाही असं समजावं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ हा तर उघडा पुरावा. त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. नाही वळवलं, तर माकडहाडाशी, टाचांशी कातडी आधी लाल होते आणि दाबल्यावर तो लालपणा जात नाही. मग फोड, मग जखम. १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकी परिचारिका-संशोधिकांनी याचा धोका आधीच ओळखायची गुणपट्टी प्रसिद्ध केली. सहा गोष्टी तपासायच्या, गुण ६ ते २३, आणि १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. यंत्र लागत नाही. लागतो तो पाठ बघायला चादर बाजूला करणारा हात.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांच्या डोळ्यांना सवयीची झालेली असते. नाकातली नळी ओढू नये म्हणून म्हाताऱ्यांचे हात बँडेजने कॉटच्या कठड्याला बांधतात. कधी खरंच पर्याय नसतो. पण बऱ्याचदा तो माणसांच्या तुटवड्यावरचा स्वस्त इलाज असतो. अमेरिकेने १९८७च्या कायद्याने वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये सोयीसाठी बांधून ठेवण्यावर बंदी आणली. २००८च्या अखेरीपासून तिथलं सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, नर्सांचे तास किती आणि मोजलेल्या देखभालीचे आकडे काय, यांवर हे तारे ठरतात.

आपल्याकडे तिसरी कसोटी, म्हणजे शेवटी काय झालं याचा आकडा, पेठेतल्या नर्सिंग होमबाबत कुणाच्या हाती नसतो. असला तरी जपून वाचावा लागतो. बारा कॉटच्या जागी महिन्यात एक माणूस गेला तरी टक्केवारी उडी मारते. अवघड केस अंगावर घेणारा डॉक्टर कागदावर वाईट दिसतो. जो शेवटच्या घटकेला ‘सिव्हिलला हलवा’ म्हणून मोकळा होतो, त्याच्या वहीत मृत्यू नोंदलाच जात नाही. म्हणून मृत्यूपेक्षा साध्या गोष्टी विचाराव्यात. टाके पिकले म्हणून परत किती जण आले? कॉटवरून कोण पडलं? पडल्यावर लिहून ठेवलं का? मोकळेपणाने उत्तर देणारा डॉक्टर, ‘आमच्याकडे असं होतच नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा भरवशाचा. केस पेपर मागण्यातही संकोच नको. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांनुसार तो तीन वर्षं जपायचा असतो आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा असतो.

पैशाचा भाग इथल्या माणसाला चांगला कळतो. २०१२ साली राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं; आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. ज्या रुग्णालयात ती आहे तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. त्याच्याकडे आधी जावं, डिपॉझिटच्या खिडकीकडे नंतर.

चादर पारखायची तर ती उलटी करून बघतात. नर्सिंग होमची उलटी बाजू म्हणजे रात्र. दिवसा बोर्डावरचे सगळे डॉक्टर येऊन जातात. रात्री अकरानंतर उरते एक सिस्टर, एक मावशी आणि कुठेतरी खोलीत झोपलेला ड्युटी डॉक्टर. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असं आहे. त्या रात्री आमच्या सिस्टरकडे चौदा पेशंट होते. तिने शिकून नोंदणी केली होती. अनेक छोट्या जागी पांढरा कोट घातलेली मुलगी बघून-बघून शिकलेली असते. तिचा दोष नसतो, पण विचारायला हवं. ‘रात्री कोण असतं?’ हा एक प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं. त्यात तिने आजाऱ्याजवळच्या विनाकारण आवाजाला क्रूरपणा ठरवलं होतं. आमच्या वॉर्डात पहाटे पाचला रस्त्यापलीकडचे माग सुरू झाले. खटखट खिडकीच्या काचेतून कॉटच्या लोखंडापर्यंत आली. त्या आवाजातच कुणीतरी हाक दिली, "काय ओ सिस्टर, सलाईन संपलं की!" आणि रबरी चपलांचा आवाज लगेच तिकडे वळला. चौदा जणांत एकटी असूनही.

तिसऱ्या दिवशी आत्याला डिस्चार्ज मिळाला. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, कसा वाटला दवाखाना? मला वाटलं, ती डॉक्टरांबद्दल बोलेल, नाहीतर बिलाबद्दल.

"चहा पाणचट होता बघ," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून, "पण पोरगी हाक मारायच्या आत येती."